वाटे मी पाडले, उचलले त्यानं

“मूल नाही ना? मग सोपं आहे.”

आमचा घटस्फोट ठरतोय हे कळल्यावर दोह्यातल्या झाडून सगळ्या मराठी माणसांनी मला हे ऐकवलं. जसं काही मूल नसलं की घरातल्या वस्तू आपापल्या पायांनी चालत जाऊन दोन बाजूंना उभ्या राहतात! मूल असतं तर निदान भांडायला चांगलं कारण तरी मिळालं असतं. आम्ही भांडलो ते मिक्सरवरून. सोपं म्हणे! ज्यांना सोपं वाटतं त्यांनी एकदा करून बघावं.

तेव्हा मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणायचे, आता ‘तो’ म्हणते. सगळ्या वाटणीत माझ्या मनासारखी झालेली ही एकच गोष्ट.

तो कतारमध्ये, दोह्याजवळच्या मेसईदला इंजिनिअर होता. त्या वेळी आम्ही त्या गावाला उम सैद म्हणायचो. शिफ्टची नोकरी, त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस तो तिकडेच कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचा आणि गुरुवारी दुपारच्या बसनं दोह्याला यायचा. मी तिथल्या अल मुंतझा भागातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून एका कंत्राटदाराच्या ऑफिसात टायपिस्टचं काम करायचे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही तिथं आलो तेव्हा दोघंही खुशीत होतो. चार-पाच वर्षं राहू, पैसा गाठीशी बांधू, परत जाऊ. सगळेच असं म्हणायचे आणि सगळेच राहायचे.

संशय आमच्या घरात नेमका कधी शिरला ते मला सांगता येणार नाही. ढेकणासारखं असतं ते, एक दिसतो तेव्हा गादीभर झालेले असतात. बाहेरची बाई, बाहेरचा पुरुष, असलं काही नव्हतं. तसलं असतं तर लोकांना समजावायला बरं पडलं असतं. त्याला वाटायचं मी नाशिकला भावाला गुपचूप पैसे पाठवते. मला वाटायचं तो गावाला पाठवतो त्यातले निम्मेच सांगतो. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. तो आला की आधी पंख्याखाली बसायच्या ऐवजी माझी पर्स कुठे आहे ते बघायचा, आणि मी त्याच्या शर्टाचे खिसे धुण्याच्या निमित्तानं चाचपायचे. मूल होत नव्हतं तेव्हा डॉक्टरांनी दोघांनाही तपासून घ्या म्हणून सांगितलं. तो म्हणाला, “आधी तू.” मी म्हणाले, “आधी तुम्ही.” शेवटी कोणीच गेलं नाही. प्रत्येकाला भीती, आपला दोष निघाला तर समोरच्याच्या हातात कोलीत मिळेल. असं ते घर.

तर वेगळं व्हायचं ठरलं. नाशिकच्या वकिलांनी कळवलं, परस्पर संमतीचा अर्ज करा, पण आधी पैशाअडक्याचं तुमचं तुम्ही मिटवा, नाहीतर कोर्टात म्हातारे व्हाल. आता मिटवायचं काय होतं? पुण्यात कोथरूडला एक फ्लॅट, तो त्याच्या नावावर. नाशिकच्या बँकेच्या लॉकरमध्ये सोनं, तो लॉकर माझ्या नावावर. बँकेतली मुदत ठेव दोघांच्या नावावर. त्याच्या पगारातून फ्लॅटचे हप्ते गेले, माझ्या पगारातून दोह्यातलं घर चाललं आणि उरलं त्याचं मी तिथल्या बाजारातून, सूकमधून सोनं घेत गेले. म्हणजे फ्लॅटच्या विटा त्याच्या, पण त्या विटा घेताना त्यानं जी डाळ-भाजी खाल्ली ती माझी. हे मी बोलून दाखवलं की तो म्हणायचा, “मग सोनं कुणाच्या डाळीवर घेतलंस?” त्यानं माझी शेंडी धरलेली, मी त्याची. सोडायचं कोणी आधी?

मला मात्र काय हवं होतं ते पक्कं ठाऊक होतं. मला तो फ्लॅट हवा होता.

माझा व्हिसा त्याच्या नावावर होता. घटस्फोट झाला की खलास, मला दोहा सोडावा लागणार. आमच्या ऑफिसात विचारून पाहिलं, तर एकट्या बाईसाठी व्हिसा काढायला मालक तयार नव्हता. आई-वडील गेलेले. माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते भावाचं घर. मी ऑफिसातून त्याला फोन लावला. भाऊ भला माणूस, लगेच म्हणाला, “ये की! घर तुझंच आहे.” आणि मागून वहिनीचा आवाज आला, “किती दिवस?” मेली लाइन त्या दिवशी इतकी स्वच्छ होती! एरवी अर्धं बोलणं खरखरीत जायचं.

एका सुट्टीत आम्ही कोथरूडचा फ्लॅट बघून आलो होतो. नुसता रंग दिलेला, रिकामा. तो बिल्डरच्या माणसाशी नळावरून हुज्जत घालत होता आणि मी सुतळीनं खिडक्या मोजून घेत होते. पुढे दोह्यातल्या शिंप्याकडून त्या मापाचे पडदे शिवून पलंगाखालच्या खोक्यात टाकून ठेवले. त्याला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? अहो, आमच्या घरात काय हवंय ते सांगायची सोयच राहिली नव्हती. मला नाशिकला घर हवं होतं म्हटल्यावर त्यानं पुण्याला बुक केलं. मला मे महिन्यात रजा हवी असली की त्याला डिसेंबरात मिळायची. माझी आवड कळली की तो नेमका उलटा जायचा, अशी माझी पक्की समजूत होती. माझ्याबद्दल त्याचीही तीच असणार.

आमच्यात पंच म्हणून बसले दोह्यातल्याच अल सद्द भागातले काका. म्हणजे नात्याचे कोणी नव्हेत. त्याच्याच खात्यातले वरिष्ठ, दोह्यात आमच्या कितीतरी आधी आलेले, आणि ज्यांच्या हॉलमध्ये आमचा गणपती बसायचा ते. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, “हे बघा, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. कुणाला काय हवंय ते आत्ता तोंडानं बोला. मी मार्ग काढतो.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. बोललं कोणीच नाही.

काका माणूस सरळ, पण मला तेही त्याचेच वाटत होते. ऑफिसात रोज त्याच्याबरोबर जेवणारा माणूस माझ्या बाजूनं कशाला बोलेल? काकूंनी शिरा आणून ठेवला. घटस्फोटाला शिरा! वर म्हणाल्या, “गोड खाऊन सुरुवात करा.” मला त्या शिऱ्याचाही संशय आला, खोटं कशाला सांगू. आम्हाला गोड बोलून गुंडाळायचा बेत दिसतोय, असं मनात आलं.

मग तोच म्हणाला, “आमच्या गावाकडं जमिनीची वाटणी करतात तशी करू.”

त्याचे चुलते वेगळे झाले तेव्हाची गोष्ट त्यानं सांगितली. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि उचलायला धाकट्याला पुढं करायचं. पाडणाऱ्यानं शेवटी उरेल ते घ्यायचं. म्हणजे पाडणारा लबाडी करूच शकत नाही. वाईट वाटा केला तर तोच त्याच्या गळ्यात यायचा. एका विहिरीवरून चुलत्यांनी एकमेकांची डोकी फोडली होती, पण या रीतीनं वाटे झाले आणि पुन्हा कोणी हूं की चूं केलं नाही.

“वा!” काकांनी मांडीवर थाप मारली. “याहून न्यायाचं काय असणार? बोल, वाटे कोण पाडणार?”

“ती पाडंल,” तो म्हणाला. अस्वस्थ झाला की त्याच्या तोंडी साताऱ्याकडची बोली यायची. “तिनं पाडावं, म्या उचलतो.”

झालं! माझ्या डोक्यात घंटा वाजायला लागली. हा एवढा उदार कसा झाला? आमच्या घराण्यात कधी जमीनच नव्हती, त्यामुळे वाटणीचे डाव मला ठाऊक नव्हते. त्यानं ते लहानपणापासून बघितलेले. ज्याअर्थी उचलायचं काम तो स्वतःकडे घेतोय, त्याअर्थी त्यातच काहीतरी गोम असणार. पण नाही कशी म्हणू? नाही म्हटलं तर मलाच लबाडी करायचीय असं दिसणार. मी म्हणाले, “चालेल.” पुढच्या शुक्रवारी वाटे मांडायचे ठरले.

तो आठवडा मी कशी जगले ते माझं मला माहीत. ऑफिसात टाईप करताना एका पत्रात सिमेंटच्या जागी चक्क सोनं टाईप केलं, साहेबांनी बोलावून दाखवलं. बाहेर वारा सुटलेला, डोळ्यांत, दातांत नुसती वाळू. आणि माझ्या डोक्यात एकच चक्की. फ्लॅट मला उरायला हवा, म्हणजे त्यानं दुसरा वाटा उचलायला हवा. तो दुसरा वाटा इतका भरायचा की त्याला मोह आवरू नये. सोनं सगळं तिकडे. ठेव सगळी तिकडे. पडद्यांचं सोडून पलंगाखालची खोकी, व्हीसीआर, डिनर सेट, तेही तिकडे. इकडे नुसत्या चार भिंती. मग कोण शहाणा माणूस चार भिंती उचलेल?

तरी माझा जीव राहीना. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर टॅक्सी केली आणि काकूंकडे अल सद्दला गेले. काकू कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मी पण जुडी पुढे ओढली आणि हळूच म्हणाले, “मला बाई सोनंच हवंय. फ्लॅट घेऊन एकटी बाई काय करणार? भाडेकरू घुसला तर काढायचा कोणी?”

काकूंनी मान डोलावली. “अगदी बरोबर गं. सोनं कसं, पदरात बांधलं की झालं. सोडू नकोस हं.”

मला खात्री होती की हे रात्रीपर्यंत काकांच्या कानात जाणार आणि काकांकडून त्याच्या. माझी आवड कळली की तो उलटा जातो ना? मग मला सोनं हवंय असं कळलं की चिडून सोनंच उचलेल. वर ते ताट भरलेलंही असेल. दोन्हीकडून कडेकोट. परत येताना टॅक्सीत मी स्वतःवर इतकी खूश होते की ड्रायव्हरला दोनदा अरबीत आभाराचं शुक्रन म्हणाले.

शुक्रवारी सकाळी काकांच्या हॉलमध्ये आम्ही चौघं. खिडकीतला एसी घरघर करत होता. काकूंनी स्वयंपाकघरातून स्टीलची दोन ताटं आणून सतरंजीवर ठेवली. एका ताटात मी फ्लॅटची किल्ली ठेवली. दुसऱ्यात लॉकरची किल्ली, ठेवीची पावती, आणि खोक्यांमधलं काय काय ते तोंडानं सांगितलं.

“अगं, हे सारखं नाही झालं,” काका म्हणाले. “हा वाटा फार जड आहे. नीट विचार केलास का?”

“केलाय.”

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो पुढे वाकून दोन्ही ताटांकडे बघत होता, हनुवटी खाजवत. त्याची नजर फ्लॅटच्या किल्लीवर जरा जास्त रेंगाळली असं मला वाटलं. बस्स, माझा धीर सुटला. माझ्या हातात आईच्या पाटल्या होत्या. लग्नात तिनं स्वतःच्या हातातल्या काढून माझ्या हातात घातलेल्या. त्या काही वाटणीतल्या नव्हत्याच, कुणी मागितल्याही नव्हत्या. मी उठले, न्हाणीघरात जाऊन साबण लावून त्या उतरवल्या, आणि ओल्याच आणून त्या जड ताटात ठेवल्या.

“अगं वेडी का काय तू?” काकू ओरडल्याच. “आईच्या पाटल्या? ते स्त्रीधन आहे तुझं! उचल आधी!”

“राहू दे. दोघांनी जे जे आहे ते मांडायचं ठरलंय ना? मग हेही आलं.”

काकांनी त्याच्याकडे बघितलं. “उचल रे बाबा तू आता. यल्ला, चल, एकदाचं होऊन जाऊ दे.”

मग त्यानं हात पुढे केला आणि फ्लॅटची किल्ली उचलली.

मला वाटलं चुकून उचलली. ठेवेल परत. त्यानं ती खिशात घातली.

“सोनं तिला राहू दे,” तो काकांना म्हणाला, माझ्याकडे न बघता. “काकू म्हणत होत्या तिला सोनं हवंय म्हणून. फ्लॅटचं ती एकटी करणार काय? आणि तिच्या आईच्या पाटल्या मी घेऊन कुठं जाऊ? घाल म्हणावं हातात.”

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि मी? मी रिकाम्या झालेल्या ताटाकडे बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, या माणसानं मला जे हवंय ते मला दिलं होतं. म्हणजे मला जे हवंय असं मी खोटंच सांगितलं होतं, ते. मला त्याचा राग आला आणि मायाही आली, दोन्ही एकदमच. उलटा जाणारा माणूस आजच नेमका सुलटा जायचा होता? कर्म माझं!

आणि मग मी जे आठवडाभर, खरं तर सगळा संसारभर बोलले नव्हते ते बोलले. त्याच्या त्या एका वाक्यानं मला वाटलं, आता बोलता येईल.

“अहो,” मी म्हणाले, “मला घर हवं होतं.”

त्यानं मान वर केली.

“मला सोनं नको. हे सगळं घ्या तुम्ही, पाटल्यासुद्धा घ्या. मला तो फ्लॅट द्या. बदलूया.”

तो चेहरा मी आजही विसरलेले नाही. आत्ता आत्ता मऊ झालेला चेहरा होता तो. माझ्या डोळ्यांदेखत मिटला. त्याचा हात आपोआप खिशावर गेला.

“का?” तो म्हणाला. “काय आहे त्या फ्लॅटमधे?”

“काही नाही. मला राहायचंय तिथं.”

“सगळं सोनं, सगळी ठेव, वर आईच्या पाटल्या. एवढं सगळं सोडून तुला नुसतं राहायचंय?” तो उठून उभा राहिला. “काकूंना खोटं सांगून आलीस. म्या भरल्या ताटाला भुललो असतो की गं! काय कळलंय तुला? रस्ता जातोय तिथून? बिल्डर काही देणार आहे? भावानं काही सांगितलंय?”

“अरे, ती म्हणतेय ना,” काका मध्ये पडले. “दे ना तिला. तुला तर फायदाच आहे त्यात.”

“फायदा हाय म्हणूनच,” तो म्हणाला. “फायदा कोण कुणाला उगाच देतं? उचललं ते उचललं. रीत ती रीत.”

मी रडले, चिडले, शपथा घातल्या. जितकं जास्त बोलले तितका त्याचा विश्वास कमी होत गेला. शेवटी काकूंनी ते ताट उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

पुढचं सगळं मग खरंच सोपं झालं. लोकांचं म्हणणं खरं ठरलं म्हणायचं. मला देशाबाहेर जाऊ द्यायला त्याची सही लागायची, ती त्यानं एका दिवसात दिली. नाशिकला महिनाभर भावाकडे काढला. वहिनी वाईट वागली नाही, फक्त रोज सकाळी विचारायची, आज कुठे जागा बघायला जाणार? मग लॉकर उघडला, सराफाकडे गेले आणि एक खोली-स्वयंपाकघर घेतलं. चौथा मजला, लिफ्ट नाही, पाणी एकवेळ. पण दार माझं होतं. कडी लावली की आत मी एकटी, आणि कोणी पर्सवर नजर ठेवणारं नाही. पहिले काही महिने मी दिवसातून चारदा ती कडी उगाच लावून काढून बघायचे.

काका निवृत्त होऊन पुण्याला आले आणि काकूंचा मला अधूनमधून फोन यायला लागला. त्याच्याबद्दल मी विचारायचे नाही, त्या सांगायच्या. त्यानं दुसरं लग्न केलं नव्हतं. मीही नाही. दोह्याहून तो रजेवर आला की कोथरूडला चक्कर मारायचा. त्या फ्लॅटमध्ये तो राहायलाही गेला नाही, भाड्यानंही दिला नाही. चांगली गिऱ्हाइकं दारात आली तरी विकला नाही. आधी त्यानं बिल्डरला विचारलं, मग शेजाऱ्यांना, मग महापालिकेत कोणाला तरी गाठलं. फरशी ठोकून बघितली म्हणे. काही निघालं नाही. म्हणून तर त्याचा संशय आणखी वाढला. जे सहज सापडत नाही ते मोठंच असणार ना! वर्षानुवर्षं ते घर कुलपात. आत एक दिवासुद्धा कोणी लावला नाही. मला माझ्या एका खोलीत अंथरूण घालताना ते आठवायचं आणि संताप यायचा. अरे, नको असेल तर विक, पण निदान कोणाला तरी राहू दे!

एकदा काकूंनी फोनवर पुन्हा तोच विषय काढला. “काल आला होता गं आमच्याकडे. केस पांढरे झाले, पण विचारतो तेच. तिला त्या फ्लॅटचं काय माहीत होतं? मी म्हटलं, मला काय ठाऊक?”

“काकू, काहीही नव्हतं हो,” मी म्हणाले. “मला राहायला घर हवं होतं. बाईमाणसाला दुसरं काय हवं असतं? सांगा त्याला एकदा शेवटचं, आणि म्हणावं, राहायला जा तिथं.”

मग काकू फोन तोंडाजवळ धरून, आवाज अगदी बारीक करून म्हणाल्या, “त्याला तसंच सांगते हो मी. पण मला तरी खरं सांग.”